व्यायामाचा पहिला क्लास निवडताना या चुका टाळा

व्यायामाच्या क्लासला पहिल्यांदा जाताना माणसाला श्रमांपेक्षा इतरांच्या नजरेची भीती अधिक वाटते. आपले सुटलेले पोट, लवकर लागणारा दम, चुकलेले पाऊल हे सारे वीस-तीस अनोळखी माणसांसमोर उघडे पडणार, या विचाराने कित्येकांचे पाय दारातच अडखळतात. ही भीती खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणी लाज बाळगू नये. मात्र तिच्यापोटी आपण चौकशी आटोपती घेतो, जुने दुखणे सांगत नाही, मागच्या कोपऱ्यात उभे राहतो आणि दुखू लागले तरी थांबत नाही. नवख्यांचा बहुतेक त्रास यातूनच सुरू होतो. म्हणून पहिला क्लास निवडताना मी एक कसोटी सर्वांत वर ठेवते: शिकवणारी व्यक्ती फी घेण्याआधी आपल्याला प्रश्न विचारते का? आरसे, यंत्रे, वातानुकूलन आणि संगीत यांचा विचार त्यानंतर करावा.

ही कसोटी मला अनुभवाने मिळाली. वयाच्या ४४ व्या वर्षी, पुण्यात घराजवळच्या एका क्लासमध्ये मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षाची फी एकदम भरली, कारण तिमाही फीपेक्षा ती बरीच स्वस्त पडत होती. माझा उजवा गुडघा आधीपासून दुखत होता. तेथे कोणी विचारले नाही आणि संकोचामुळे मीही सांगितले नाही. नवव्या दिवशी उड्यांच्या फेरीत गुडघा सुजला, पुढे सहा आठवडे जिना चढणे अवघड झाले आणि भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. दीड वर्षाने ज्या दुसऱ्या क्लासला गेले, तेथील बाईंनी नाव लिहून घेण्यापूर्वी मला दहा मिनिटे समोर बसवून विचारले, की जिना चढताना दम लागतो का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी शस्त्रक्रिया झाली आहे का आणि रात्री झोप किती होते. त्या दहा मिनिटांत माझी अर्धी भीती गेली.

‘आधी थोडे बारीक होऊ, मग जाऊ’ असे म्हणणे

ही सर्वांत प्रचलित चूक असली, तरी तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्लासला जाण्याइतके तंदुरुस्त होईपर्यंत क्लासला न जाण्याचे ठरवले, की वर्षे निघून जातात. तयारी करायचीच असेल, तर दोन आठवडे रोज वीस मिनिटे चालावे आणि चालताना शेजारच्या माणसाशी सलग बोलता येते का, एवढे पाहावे. तेवढे जमत असेल, तर नवख्यांच्या बॅचसाठी आपण पुरेसे तयार आहोत.

नावावरून व्यायामप्रकार ठरवणे

‘योग म्हणजे सोपे, जिम म्हणजे कठीण, झुंबा म्हणजे मजा’ अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते आणि ती पुष्कळदा फसते. योगाच्याच दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर यांचा आधार घेऊन आसन शरीराच्या आवाक्यात आणले जाते. पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेमुळे ही साधने जगभर पोहोचली. याउलट वेगाने एकातून दुसऱ्या आसनात जाणाऱ्या वर्गात मनगटे, खांदे आणि मांडीच्या मागचे स्नायू यांवर पहिल्याच दिवशी मोठा भार येतो. पाटीवर दोन्ही ठिकाणी ‘योगवर्ग’ असेच लिहिलेले असते.

सूर्यनमस्कारांचेही तसेच आहे. रथसप्तमीच्या सुमारास ठिकठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कार होतात आणि त्या उत्साहात कधीही व्यायाम न केलेला माणूस एकदम १०८ नमस्कार घालायला उभा राहतो. मला हा उपक्रम मनापासून आवडतो, पण तो वर्षभर सराव करणाऱ्यांचा उत्सव आहे. नवख्याने सहा नमस्कारांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला दोन-तीन वाढवावेत.

झुंबाबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर अनेकजणी पहिल्या दिवशी रडवेल्या होऊन घरी गेल्या नसत्या. हा प्रकार १९९० च्या दशकात कोलंबियातील नर्तक बेतो पेरेझ यांनी घडवला आणि त्यात शिकवणारी व्यक्ती बहुतेक सूचना बोलून देत नाही, हातवाऱ्यांनी देते. गाणे सुरू असताना कोणी ‘आता उजवा पाय’ असे सांगत नाही. शाळेतल्या कवायतीची सवय असलेला माणूस आज्ञेची वाट पाहत राहतो, मागे पडतो आणि आपल्याला ताल नाही असा निष्कर्ष काढतो. पहिले चार दिवस केवळ पायांकडे पाहावे, हात सोडून द्यावेत आणि चुकले तर जागच्या जागी चालत राहावे. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत तीच गाणी पुन्हा आल्याने पावले ओळखीची होतात. वयस्कांसाठी आणि अगदी नवख्यांसाठी ‘झुंबा गोल्ड’ या नावाने संथ वर्ग असतात, त्यांची चौकशी अवश्य करावी.

अल्पकाळ जोरात आणि अल्पकाळ विश्रांती अशा फेऱ्यांचे ‘हिट’ वर्ग मी पहिला क्लास म्हणून कोणालाही सुचवणार नाही. ते वाईट नाहीत. पण थकल्यावर हालचालीची ठेवण बिघडते, आणि योग्य ठेवण कोणती हेच नवख्याला अजून माहीत नसते. त्याऐवजी जिममध्ये हलक्या वजनांनी स्क्वॉट, ओढणे, ढकलणे अशा मोजक्या हालचाली शिकवणारी लहान बॅच मिळाली, तर ती भित्र्या माणसाला मानवते, कारण तेथे प्रत्येकजण आपापल्या आकड्यांत गुंतलेला असतो आणि तालाची शर्यत नसते.

बॅच न पाहता फी भरणे

ट्रायल घ्यावी हे सगळेच सांगतात. माझे सांगणे असे, की ट्रायलच्या आधी एकदा बाजूला बसून पूर्ण बॅच पाहावी, आणि तीही ज्या वेळी आपण येणार आहोत त्याच वेळेची पाहावी. सकाळी सहाची बॅच आणि अकराची बॅच एकाच छपराखाली भरत असली, तरी दोन वेगळे क्लास असतात. शिकवणारी व्यक्ती बहुधा वेगळी असते आणि सोबतची माणसेही. पाहताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. शिकवणारी व्यक्ती स्वतः व्यायाम करत राहते, की रांगांमधून फिरून इतरांना पाहते? ज्याला एखादी हालचाल जमत नाही त्याला सोपा पर्याय दिला जातो का? चूक सुधारताना आवाज कसा असतो, आणि हात लावण्यापूर्वी विचारले जाते का? शेवटची पाच-सात मिनिटे शरीर शांत करण्यासाठी राखून ठेवतात, की संगीत थांबताच सगळे पायऱ्या उतरू लागतात?

बाजूला बसून पाहण्यास जो क्लास नकार देतो, त्यावर मी फुली मारते. स्त्रियांच्या बॅचमध्ये खाजगीपणाचे कारण योग्य असू शकते, पण तेव्हाही प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला पाहू द्यायला हरकत नसावी.

जागाही पाहावी. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली चालणारे क्लास जानेवारीत सुखद वाटतात आणि एप्रिलमध्ये तापतात. उष्णतेत श्रम करण्याची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात सुरुवात करणाऱ्याने पहिले दहा-बारा दिवस अर्ध्या जोमानेच व्यायाम करावा. घरापासूनचे अंतर पायी किंवा दुचाकीवर पंधरा मिनिटांपेक्षा अधिक असेल, तर पहिल्या मुसळधार पावसात खाडा सुरू होतो आणि तो लांबतो.

पैशांबाबत एवढेच, की पहिल्यांदा महिन्याचीच फी भरावी, ती महाग वाटली तरी. पावती घ्यावी आणि मध्येच सोडल्यास किंवा आजारी पडल्यास काय, हे त्या पावतीवर किंवा संदेशात लिहून मागावे. तोंडी आश्वासन नंतर कोणाला आठवत नाही. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तेथेही लेखी पुरावाच उपयोगी पडतो.

आजार आणि औषधे लपवणे

या चुकीबद्दल मला सर्वाधिक कळकळ वाटते, कारण हिची किंमत शरीराला मोजावी लागते. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ किंवा ‘सगळ्यांसमोर कसे सांगायचे’ या संकोचाने माणसे रक्तदाब, मधुमेह, मणक्याचे दुखणे, नुकतेच झालेले बाळंतपण हे सारे दडवतात. सगळ्यांसमोर सांगण्याची गरजच नाही. आदल्या दिवशी फोनवर किंवा कागदावर लिहून द्यावे.

औषधांचा संबंध थेट व्यायामाशी असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर श्रम वाढले तरी नाडी त्या प्रमाणात वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळातील आकडा गाठण्याच्या नादात असा माणूस स्वतःला नको इतका दामटतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते, म्हणून सकाळी सहाच्या बॅचला उपाशीपोटी जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, विचारांचा गोंधळ उडणे ही साखर उतरल्याची लक्षणे असतात आणि ती नुसत्या थकव्यासारखीच भासतात. काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी शीर्षासन आणि सर्वांगासन यांसारखी उलटी आसने वर्गातल्या इतरांबरोबर करू नयेत. वजन उचलताना श्वास कोंडून धरला, की रक्तदाब क्षणात चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडावा.

चालताना छातीत दडपण येणे, भोवळ येऊन पडणे किंवा बसल्या जागी दम लागणे यांपैकी काही कधी झाले असेल, तर क्लासच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

शेवटच्या रांगेत उभे राहणे

मागे उभे राहिल्यास कोणी पाहणार नाही असे वाटते. पण झुंबात किंवा एरोबिक्समध्ये सगळे मागे वळतात तेव्हा शेवटची रांग पहिली होते आणि पुढे पाहून शिकायला कोणीच उरत नाही. शिवाय शिकवणाऱ्या व्यक्तीला मागचे गुडघे आणि पाठी दिसत नाहीत. दुसऱ्या रांगेत, कडेला, दाराच्या बाजूला उभे राहावे: तेथून दिसते, पाणी प्यायला सहज जाता येते आणि थांबावेसे वाटले तर कोणाच्या मधून जावे लागत नाही.

पहिल्या पंधरवड्यातील अडचणी

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकू लागल्या, तर घाबरू नये. सवय नसलेल्या स्नायूंचे हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असते आणि आठवड्याच्या आत ओसरते. त्या काळात पूर्ण झोपून राहण्यापेक्षा हलके चालणे बरे वाटते. सांध्यात टोचणारे, एकाच बाजूचे किंवा सुजेसह येणारे दुखणे मात्र वेगळे असते. त्यावर मलम चोळून पुन्हा वर्गात जाऊ नये. आणि अतिश्रमांनंतर स्नायू विलक्षण सुजून लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण स्नायूंच्या विघटनाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सवय नसताना अतिरेकी व्यायाम केलेल्यांमध्ये हा धोका असतो.

दम किती लागावा, याचे उत्तर बोलण्यात आहे. बोलता येते पण गाता येत नाही, इतका दम योग्य. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर पहिल्या महिन्यात वेग कमी करावा. छातीत दुखले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर व्यायाम लगेच थांबवून मदत मागावी आणि १०८ वर फोन करावा. संकोचाने बाथरूममध्ये जाऊन एकटे बसू नये.

आठवड्यातून सहा दिवस जमत नाही म्हणून क्लास सोडणारेही पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पन्नास मिनिटांचे तीन वर्ग झाले, की १५० मिनिटे भरतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच ठरवले, तर मधल्या दिवशी शरीर सावरते आणि घरचे कामही अडत नाही.

शिकवणारी व्यक्ती चारचौघांत नाव घेऊन ओरडत असेल, वजनावरून बोलत असेल किंवा नको तसा स्पर्श करत असेल, तर बॅच संपल्यावर शांतपणे एकदा सांगावे. स्पर्शाच्या बाबतीत तर त्या क्षणीच ‘हात लावू नका’ असे म्हणावे आणि संचालकांना लेखी कळवावे. पुढच्या दोन वर्गांत बदल दिसला नाही, तर महिना संपण्याची वाट न पाहता क्लास बदलावा आणि नव्या ठिकाणी चौकशीला जाताना आपली दुखणी, गोळ्या आणि शंका कागदावर लिहून न्याव्यात, म्हणजे समोर बसल्यावर संकोचाने काही राहून जात नाही.