नाशिकच्या घरात ऑडिओबुक रेकॉर्ड करताना

कार्यक्रमातले अभिवाचन तासाभरात संपते. तीनशे पानांची कादंबरी मात्र ऐकायला सहज आठ-दहा तासांची होते आणि तिचे ध्वनिमुद्रण कित्येक आठवडे चालते. श्रोता ते आठवडे ऐकत नाही. त्याच्या कानावर पहिले प्रकरण आणि विसावे प्रकरण एकाच प्रवासात पडते, त्यामुळे मधल्या काळात माइक चार बोटे सरकला, खोलीतला पडदा धुवायला काढला किंवा सकाळऐवजी जेवणानंतर वाचन झाले, तर तो बदल त्याला तत्काळ जाणवतो. म्हणून घरच्या स्टुडिओत महागड्या यंत्रांपेक्षा सातत्याची जास्त काळजी घ्यावी लागते. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यासाठीच आहे.

त्याआधी हक्कांचा प्रश्न मिटवावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे २०१० संपताच ती सर्वांना खुली झाली. मात्र नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून केवळ मूळ संहिता वाचावी. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकासाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी आणि तीत श्राव्य आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख असावा. तोंडी होकारावर कित्येक आठवड्यांचे काम सुरू करू नये.

खोली

खोली निवडताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि बहुतेकांचा पैसा त्यांची गल्लत झाल्याने वाया जातो. बाहेरचा आवाज आत येऊ नये, हा पहिला प्रश्न. आपला आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये शिरू नये, हा दुसरा. पहिल्यासाठी जड भिंत आणि बंद फटी लागतात, दुसऱ्यासाठी जाड आणि मऊ वस्तू. भिंतीवर पातळ फोम चिकटवल्याने रस्त्यावरचा हॉर्न थांबत नाही. तो फोम आवाजातली फक्त वरची चमक शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि वाचन हंड्यात बोलल्यासारखे ऐकू येते. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी आहेत.

जुन्या नाशकात, सराफ बाजार किंवा तिळभांडेश्वर गल्लीच्या बाजूला ज्यांचे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्याकडे माजघर असेल तर दुसरीकडे पाहण्याची गरज नाही. जाड भिंती, रस्त्याकडे खिडकी नाही आणि कपाटे-फडताळांमुळे मोडलेले सपाट पृष्ठभाग, हे सगळे तिथे आयते मिळते. लाकडी तक्तपोशी करकरते का, एवढेच तपासून घ्यावे. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा सिडकोतल्या फ्लॅटमध्ये अडचण उलटी असते. गुळगुळीत फरशी, समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आणि सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या यांमुळे बाहेरचेही आत येते आणि आतलेही घुमते. अशा घरात रस्त्यापासून सर्वांत आतली, शक्यतो लांबी-रुंदी सारखी नसलेली, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची खोली घ्यावी.

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीच्या मागोमाग पत्र्यासारखा झणझणीत नाद रेंगाळला, तर खोली अजून तयार नाही. जमिनीवर सतरंजी आणि तीवर एखादी घोंगडी टाकावी, खिडकीवर दुपदरी जाड पडदा लावावा, मग पुन्हा टाळी वाजवावी. कापसाच्या जुन्या गाद्या या कामासाठी उत्तम आहेत. गादीवाल्याकडून पिंजून घेतलेली चार इंची गादी भिंतीला टेकवून उभी केली की ती पुष्कळ घुमारा गिळते. ती गादी नेमकी कुठे ठेवायची, याला मात्र महत्त्व आहे. बहुतेक लोक ती माइकच्या मागे, म्हणजे वाचकाच्या समोर, उभी करतात. माइक तर समोरून ऐकतो, म्हणजे त्याचे तोंड वाचकाकडे आणि वाचकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. त्यामुळे पहिली गादी पाठीमागे, दुसरी आणि तिसरी दोन्ही बाजूंना, आणि उरली तर समोर. कपडे वाळवायच्या स्टँडवर गोधड्या टाकूनही तीन बाजू झाकता येतात. चार दिशा झाकून डोक्यावरचे छत मोकळे ठेवले, तर वरून घुमारा येतोच. तिथेही एक गोधडी ताणावी.

वेळ

खोलीइतकीच वेळही निवडावी लागते, आणि नाशकात ऋतूंप्रमाणे ती बदलते. पंचवटीत पहाटेच्या आरत्या आणि घंटा, सातपूर-अंबडकडे पाळी सुटतानाची वाहतूक, द्वारका किंवा महामार्गालगत रात्रभर ट्रक. प्रत्येक भागाचे शांत तास वेगळे आहेत. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की येणारा धुमधुमाट कानाला जेमतेम कळतो, पण संगणकावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखात स्पष्ट दिसतो. ओझरच्या बाजूला विमाने जातात. गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोलपथकांचा सराव असतो. त्या काळात संध्याकाळचे वेळापत्रक आखूच नये. पावसाळ्यात पत्र्याचे छज्जे आणि चैत्र-वैशाखात कोकिळा, दोन्हींवर गोधडीचा उपाय चालत नाही. दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी नुसती शांतता मुद्रित करून पाहावी आणि जी दीड-दोन तासांची खिडकी सर्वांत स्वच्छ मिळेल, तीच संपूर्ण पुस्तकासाठी कायम करावी. सकाळचा आवाज आणि रात्रीचा आवाज यांची जात वेगळी असते, म्हणून सोयीनुसार वेळ बदलत राहणे परवडत नाही.

शांतता मोजण्याची पद्धत सोपी आहे. वाचताना जो गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ती पातळी) ठेवणार आहोत तोच ठेवून, पंखा व एसी बंद करून, तीस सेकंद न हलता मुद्रण करावे आणि त्या तुकड्याची सरासरी पातळी सॉफ्टवेअरमध्ये पाहावी. ती उणे ६० डेसिबलच्या खाली हवी (या मोजपट्टीवर शून्य म्हणजे कमाल पातळी). तशी नसेल तर घरात फिरून दोषी शोधावा. बहुधा तो शेजारच्या खोलीतला फ्रीज, इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपचा पंखा असतो. फ्रीज तासभर बंद ठेवायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. लॅपटॉप गादीपलीकडे ठेवून बॅटरीवर चालवावा, त्यामुळे विजेच्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही बरेचदा जाते. पाने कागदाची असतील तर उलटताना सळसळतात. वाचन टॅबलेटवरून करावे आणि तो फ्लाइट मोडवर ठेवावा.

माइक

कंडेन्सर माइक बारीक तपशील टिपतो, त्यामुळे शांत खोलीत तो सुरेख काम करतो आणि गोंगाटाच्या खोलीत शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून देतो. त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून, ४८ व्होल्टचा वीजपुरवठा (फँटम) लागतो. डायनॅमिक माइक आजूबाजूचे कमी उचलतो. तो तोंडाजवळ घ्यावा लागतो आणि त्याला गेनही खूप लागतो, म्हणून स्वस्त इंटरफेसवर त्याच्यामागे ‘सीऽऽ’ असा आवाज येऊ शकतो. महामार्गालगतच्या फ्लॅटसाठी मी डायनॅमिक सुचवेन, माजघरासाठी कंडेन्सर. उत्पादकाच्या नावावर फार वेळ घालवू नये. तेवढ्याच पैशांत चांगला स्टँड आणि कान पूर्ण झाकणारे, आवाज बाहेर न सोडणारे हेडफोन आधी घ्यावेत.

ओठांपासून माइकपर्यंत अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची एक वीत अंतर ठेवावे. माइक थेट तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखलेला असावा आणि मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, असावा. मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘थ’, ‘ख’ यांबरोबर हवेचा झोत सुटतो आणि सरळ धरलेल्या माइकवर तो धपकन आदळतो. मोठ्यात मोठ्या आवाजातला प्रसंग वाचून पाहावा आणि त्याची शिखरे उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाहीत, असा गेन लावावा. मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, वेव्ह फाइलमध्ये करावे.

हे सगळे जमले की स्टँडचे पाय, खुर्चीचे पाय आणि टेबलाचा कोपरा यांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावावी, गेनच्या बटणावर पेनने खूण करावी आणि मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. खोली घरच्यांनाही वापरायची असते, सामान रोज हलते. या खुणांमुळे दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी परत बसते. त्याशिवाय रोज वाचायला बसताना आदल्या दिवसाचे शेवटचे दोन-तीन परिच्छेद हेडफोनवर ऐकावेत आणि त्याच चालीत, त्याच उंचीवर पुढे सुरुवात करावी. या एका सवयीने माझ्या मते सर्वांत जास्त फरक पडतो.

वाचन

पुस्तक आधी मनात पूर्ण वाचलेले असावे. वाचताना एक यादी करावी: व्यक्तींची नावे, गावांची नावे, संस्कृत व इंग्रजी शब्द, आणि प्रत्येक पात्राचे वय व बोलण्याची ढब. लिपी ज्या ठिकाणी उच्चार सांगत नाही, तिथे खूण करावी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नाही, हे बोलताना आपोआप जमते, पण थकल्यावर वाचताना जीभ घसरते. बागलाण, कळवण किंवा मालेगावकडच्या पात्राच्या तोंडी अहिराणी असेल, तर ती बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक वाक्य म्हणवून घ्यावे. नक्कल केलेली बोली तिथल्या श्रोत्याला अपमानासारखी वाटते आणि ते रास्तच आहे.

संवादांसाठी आवाज बदलण्याचा मोह आवरावा. पात्राची गती, श्वास आणि शब्दांवरचा भार बदलला तरी माणूस वेगळा उभा राहतो, आणि वीस प्रकरणांनंतरही तो तसाच उभा करता येतो. घसा आवळून काढलेला म्हातारा तिसऱ्या दिवशी परत सापडत नाही. ज्या पात्राला विशेष लकब दिली असेल, त्याच्या दोन वाक्यांचा नमुना वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ते पात्र परत आले की आधी तो ऐकावा.

भार कुठे द्यायचा, हे एका वाक्यावर पाहू. ‘आजोबांनी दार उघडलं तेव्हा अंगणात कोणीच नव्हतं, पण पायरीवर ठेवलेला तांब्या अजून ओला होता.’ ‘कोणीच’वर जोर दिला तर वाक्य तिथेच संपल्यासारखे होते आणि तांब्या ओझे म्हणून मागे लटकतो. ‘नव्हतं’नंतर स्वर खाली न आणता थांबावे, ‘पण’ घाईने घ्यावा आणि ‘अजून’पाशी किंचित रेंगाळावे, म्हणजे कोणीतरी नुकतेच येऊन गेले, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरवणे महत्त्वाचे आहे. ‘होता’ गिळला गेला तर अर्थाचा आधारच जातो. श्वासाच्या जागा संहितेवर आडव्या रेघेने आधीच दाखवाव्यात.

चूक झाली की ती तशीच सोडून पुढे जाऊ नये. पंच अँड रोल ही सोय रीपर, ऑडॅसिटी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आहे: कर्सर चुकीच्या आधी ठेवला की मागची काही सेकंदे ऐकू येतात आणि नेमक्या जागी मुद्रण पुन्हा सुरू होते. ते जमेपर्यंत चुकल्यावर एक चुटकी वाजवावी आणि वाक्य पहिल्यापासून म्हणावे. आलेखात चुटकीचा टोकदार काटा नंतर लगेच सापडतो.

मुद्रणाच्या आधी मिसळ, दूध आणि दाट चहा टाळावा. तिखटाने घशाशी येते, दुधाने खाकरावे लागते. पोट अगदी रिकामेही नको, कारण त्याची गुरगुर चांगल्या माइकला स्पष्ट ऐकू येते. कोमट पाणी घोटघोट प्यावे. तोंडात चिकट ‘टिक टिक’ येऊ लागली तर सफरचंदाची फोड चावावी. बांगड्या, घड्याळ, सळसळणारे कपडे काढून ठेवावेत. उन्हाळ्यात गोधड्यांच्या आत पंख्याशिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये.

संपादन आणि नंतर

संपादनात हात आखडता ठेवावा. ८० हर्ट्झखालचा भाग काढून टाकावा, हलके कॉम्प्रेशन (मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणे) द्यावे आणि शिखरे ठरावीक पातळीवर रोखणारा लिमिटर लावावा. ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाचे निकष पुष्कळ ठिकाणी संदर्भ म्हणून धरले जातात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, शिखर उणे ३ च्या आत, शांतता उणे ६० च्या खाली, आणि एमपी३ किमान १९२ केबीपीएस. ज्या प्रकाशकाला फाइल द्यायची आहे, त्याचे निकष आधी मागून घ्यावेत. श्वास पूर्ण कापू नयेत, फक्त हळू करावेत. श्वास नसलेले वाचन यंत्राचे वाटते. कापलेल्या जागी पूर्ण निःशब्दता न ठेवता खोलीची मुद्रित केलेली शांतता भरावी. नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट पुसणारी सोय) जोरात लावले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून खोली सुधारणे हाच खरा उपाय.

तयार प्रकरण पुस्तक हातात घेऊन दुसऱ्या व्यक्तीने ऐकावे. आपण स्वतः ऐकताना डोळे जे वाचतात तेच कान ऐकतात आणि गाळलेली ओळ निसटते. दुरुस्त्यांची यादी प्रकरण, मिनिट आणि वाक्य या क्रमाने करावी आणि त्या एकदम वाचाव्यात, पण प्रत्येकीच्या आधी त्या जागेचे मूळ मुद्रण ऐकूनच. मूळ वेव्ह फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. प्रकाशकाकडून शेवटच्या दुरुस्त्या यायला कधी महिना-दीड महिना लागतो, म्हणून त्या पूर्ण होईपर्यंत जमिनीवरची चिकटपट्टी काढू नये आणि गाद्यांची जागा बदलू नये.