पश्चात्तापाची सभा ठेवताय? आधी हिशोबाची वही काढा

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आला की आपल्या चर्चमध्ये ठरलेलंच, संजीवन सभा (पश्चात्ताप करून विश्वास पुन्हा जागवायची सभा), बाहेरचा वक्ता, भाड्याची साउंड सिस्टीम, तीन दिवस रडारड आणि सोमवारपासून पुन्हा जैसे थे. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, खरंच सुधारणा हवी असेल तर स्टेजपासून नाही, कमिटीपासून सुरुवात करा.

आधी पाळकसाहेब आणि कमिटीवाले एवढेच बसा, माइक नको. बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचे २ आणि ३ हे अध्याय सावकाश वाचा. सात मंडळ्यांना पत्रं आहेत, त्यातल्या पाचांना पश्चात्ताप करा म्हटलंय, फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया सुटल्यात. ही पत्रं जगाला नाहीत बरं का, मंडळीलाच आहेत, त्यामुळे "आजकालची तरुण पोरं" हा विषय तिथे काढूच नका.

मग वही. दानार्पण किती आलं, कुठे गेलं, बिल्डिंग फंडातून कोणी "तात्पुरते" उचलले आणि ते परत आले का, सगळं आकड्यानिशी मांडा. लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय बघा, तो नुसता सॉरी प्रभू म्हणाला नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असं सगळ्यांसमोर बोलला. "आम्ही चुकलो असू तर क्षमा कर" अशा गोलगोल प्रार्थनेने कोणाचा रुपयाही परत येत नाही.

ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच जाऊन या, मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर असंच आहे. आणि जातीचंही बोला, ख्रिस्तात सगळे एक म्हणायचं आणि सोयरीक जुळवताना हळूच पूर्वीची जात विचारायची, हे कोणत्या मंडळीत होत नाही सांगा?

एक गोष्ट मात्र सांभाळा, दुसऱ्याचं पाप माइकवर सांगायचं नाही. आणि लहान मुलांशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल तर तिथे प्रार्थना करून मिटवामिटवी चालत नाही, पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, सरळ पोलिसांकडे जा.

एवढं झालं की मग सभा खुशाल ठेवा. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन झालं त्याच्या आधी काही महिने मुली-बायका रोज प्रार्थनेला बसत होत्या, वक्त्याची तारीख मिळाली म्हणून ते झालं नव्हतं. सभेत जे कबूल होईल ते मिनिट बुकात लिहा, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, आणि पुढच्या मीटिंगला पहिला विषय तोच घ्या.