डॉर्सेटचं दोऱ्याचं बटण घरी कसं करावं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यात सव्वादोनशे वर्षं घरोघरी सुईदोऱ्यानं बटणं बनत होती. अब्राहम केस नावाच्या माणसानं १६२२ मध्ये शाफ्ट्सबरी गावात हा धंदा सुरू केला. तिथल्या मेंढ्यांच्या शिंगाची चकती, तिच्यावर कापड आणि वरून दोऱ्याचं भरकाम, अशी सुरुवातीची बटणं असत. ती उंच, शंकूसारखी दिसत. पुढे शिंगाच्या जागी तारेची कडी आली आणि गाडीच्या चाकासारखं चपटं बटण तयार झालं. ते आजही घरी करता येतं.

साहित्य

साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची पितळी कडी, क्रोशाचा जाडसर सुती दोरा आणि बोथट टोकाची सुई. कडी लोखंडी नको. धुतल्यावर गंज दोऱ्यात उतरतो. दोरा अडीच-तीन मीटर एकदमच घ्या. मध्येच जोड दिला तर तो लपवताना जीव जातो.

आपल्याला कडी आयती मिळते. तिथे मात्र तार बर्मिंगहॅमहून यायची आणि ती वळून कडी करणं, सांधा वितळलेल्या धातूत बुडवणं, तयार कड्या १४४च्या हिशेबानं दोऱ्यात ओवणं ही कामं बहुतेक पोरांच्या वाट्याला यायची.

१. कडी झाकणं

दोऱ्याचं टोक कडीला चिकटवून धरा आणि त्याच्यावरूनच काजाचे टाके (सुई कडीच्या आतून घालून दोऱ्याच्या फासातून काढायची, म्हणजे कडेला गाठ बसते) घालत जा, म्हणजे टोक आपोआप दडतं. टाके एकमेकांना खेटून हवेत. धातू कुठेही दिसता कामा नये. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं सैल पडतं.

२. गाठी आत वळवणं

काजाच्या टाक्यांची गाठींची कड बाहेर राहिलेली असते. अंगठ्यानं ढकलत ती आतल्या बाजूला फिरवा. मिनिटभराचं काम.

३. आरे घालणं

दोरा कडीच्या वरच्या टोकावरून समोरून खाली आणा, खालून मागे नेऊन पुन्हा वर घ्या. दर वेढ्याला कडी थोडी, एकाच दिशेनं फिरवा. असे सहा वेढे झाले की समोर बारा आरे दिसतात. शेवटच्या वेढ्यानंतर दोरा ताणून धरा, सोडू नका.

आता मधोमध बघा. समोरचे आणि मागचे धागे नेमके एकावर एक नसतात, त्यामुळे मध्य एका बाजूला सरकलेला वाटतो. सुईच्या टोकानं सगळे धागे केंद्राकडे ओढा आणि त्यांच्यावरून अधिक चिन्हासारखे दोन आडवे-उभे टाके घालून ते एकत्र बांधा. पहिलं बटण फसतं ते बहुधा इथेच. केंद्र तिरकं राहिलं तर पुढे कितीही नीट विणलं तरी बटण वाकडंच दिसतं. तेव्हा बिनदिक्कत आरे उसवा आणि पुन्हा घाला.

४. विणकाम

सुई केंद्राजवळ एका आऱ्याच्या शेजारून वर काढा. त्या आऱ्यावरून मागे जाऊन सुई खाली घाला आणि तो आरा व पुढचा आरा अशा दोघांखालून पुढे काढा. एकावरून मागे, दोघांखालून पुढे. म्हणजे बखियाच, फक्त आऱ्यांवर घातलेला. प्रत्येक आऱ्यावर दोऱ्याचा उंचवटा येतो. फेरी फेरीनं कडेपर्यंत जा, किंवा मध्ये रंग बदला, किंवा बाहेर थोडे आरे मोकळे सोडा. मला मोकळे सोडलेलेच जास्त आवडतात, कारण त्यात चाक दिसतं.

पहिल्या बटणाला तास सहज जाईल. तिथल्या सराईत बायका दिवसाला सहा-सात डझन करत, आणि शेतमजुरीपेक्षा यात पैसे जास्त सुटत. अर्थात कित्येकदा मोबदला रोख न देता वस्तूंच्या रूपात मिळे, त्यामुळे या धंद्याच्या गोड आठवणी मी जरा सावधपणेच वाचते. १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात बटणाचं यंत्र मांडलं गेलं आणि त्यानंतर हा घरधंदा झपाट्यानं बसला. हातचं काम गेलेली अनेक कुटुंबं ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली.

५. लावणं

उरलेला दोरा मागे काढून केंद्रातून दोन-तीनदा फिरवा, त्याचाच देठ करून बटण कापडाला शिवा. हे बटण बाजारच्या प्लॅस्टिकच्या बटणापेक्षा जाड असतं, म्हणून काज आधी कापून ठेवू नका. बटण पूर्ण झाल्यावर त्याच्या मापानंच कापा.