लॅपटॉप तापून बंद पडत असेल तर

लॅपटॉप वारंवार तापून अचानक बंद पडत असेल, तर विंडोज नव्याने टाकण्याची घाई न करता आधी पंखा तपासावा. प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढतच राहिली, तर यंत्र बंद होते. म्हणजे हे बंद पडणे बहुधा बिघाड नसून बचाव असतो.

चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद करावा, मागचे झाकण उघडावे आणि बॅटरीची जोडणी सोडवावी. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेली बारीक पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा करडा, लोकरीसारखा थर दाटलेला दिसतो. तो मऊ ब्रशने अलगद काढावा. हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण ती भरधाव फिरल्यास बेअरिंग खराब होऊ शकते. ओले फडके आत अजिबात नेऊ नये.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर वाहून नेण्यास मदत करणारा लेप, बदलून घ्यावी. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर मात्र वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू किंवा टोचू नये, जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करणे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे हवा आत घेणारी खालची जाळीच बुजते.