मॅटलॅबचा टूलबॉक्स अपग्रेड करण्याआधी

मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरच्या वर्षाला दोन आवृत्त्या येतात, ‘ए’ आणि ‘बी’. टूलबॉक्स, म्हणजे ठरावीक कामासाठीचा फंक्शन्सचा जोडसंच, त्या त्या आवृत्तीलाच बांधलेला असतो. नुसता कंट्रोल सिस्टिम टूलबॉक्स नवा हवा असला, तरी मूळ मॅटलॅबही त्याच आवृत्तीचं लागतं. त्यामुळे आधी रिलीज नोट्स उघडा आणि नव्या सोयींच्याही अगोदर सुसंगततेचा भाग वाचा. कोणती फंक्शन्स काढली, कुणाचं वागणं बदललं, ते तिथे कळतं. मग जुना कोड ‘कोड कॉम्पॅटिबिलिटी रिपोर्ट’ने तपासून घ्या, हे साधन २०१७ च्या ‘बी’ आवृत्तीपासून आहे.

सिम्युलिंक (आकृतीतून मॉडेल बनवून चालवून पाहण्याचं मॅटलॅबचं साधन) वापरत असाल तर जास्त जपा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं मॉडेल जुन्या आवृत्तीत सहसा नीट उघडत नाही, जुन्या स्वरूपात एक्स्पोर्ट करावं लागतं. टीममधला एकजण पुढे गेला की बाकीच्यांचं काम अडतं, म्हणून सगळ्यांनी एकदमच बदला.

दोन आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात. जुनी लगेच काढू नका. तेच इनपुट दोन्हींत चालवून आकडे ताडून पाहा. प्रोजेक्ट डिलिव्हरीच्या तोंडावर असेल, तर माझ्या मते अपग्रेड सरळ पुढे ढकला.