रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

जीबिफवरून, म्हणजे सजीवांच्या नोंदींच्या जागतिक ऑनलाइन साठ्यावरून, कुठली जात कुठे सापडली याच्या नोंदी उतरवणं तुम्हाला येतं, त्यामुळे ते सांगत बसत नाही. माझे सात महिने कुठे गेले तेवढं सांगते.

प्रबंधासाठी माझ्या वाट्याला हेलिअँथस व्हर्टिसिलॅटस आलं, अमेरिकेतलं रानटी सूर्यफूल. १८९२ मध्ये बेन यांनी टेनेसीतल्या हेंडरसनजवळ ते गोळा केलं, १८९८ मध्ये स्मॉल यांनी नाव दिलं. पुढे कित्येक दशकं कुणाला दिसलं नाही, संकर असावा असंही मानलं गेलं. १९९४ मध्ये जॉर्जियात पुन्हा सापडलं. आता ते संकटग्रस्त यादीत आहे, म्हणजे नोंदी मुळातच मोजक्या.

आणि तिथेच मी फसले. अक्षांश-रेखांशांपुढे दशांशानंतर सहा आकडे होते. सहावा आकडा म्हणजे साधारण दहा सेंटीमीटर! जीपीएस नसलेल्या काळातल्या वाळवलेल्या नमुन्याच्या लेबलवर नुसतं 'अमुक गावाजवळ' लिहिलेलं, आणि नकाशावरचा ठिपका दहा सेंटीमीटरवर नेमका? हा प्रश्न मला पडलाच नाही. कुणीतरी मागाहून गावाचा किंवा काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) मध्यबिंदू भरला होता. शेजारचा अनिश्चिततेचा रकाना रिकामा होता आणि मी तो शून्य धरला. पुन्हा सांगते: रिकामा म्हणजे 'कुणी मोजलं नाही'. चूक वीस किलोमीटरचीही असू शकते. जात कुठे वाढू शकेल ते सांगणाऱ्या माझ्या मॉडेलने ओलसर गवताळ भागातल्या या झाडाला कोरड्या टेकडीवर बसवलं, आणि आलेख इतका देखणा आला की मी तो सेमिनारमध्ये दाखवला.

नोंदींच्या साफसफाईच्या तयार स्क्रिप्टवर (छोट्या प्रोग्रॅमवर) विसंबू नका. त्या मध्यबिंदू पकडतात, पण सगळे नाही. वाळवलेला नमुना चिकटवलेल्या शीटचा फोटो उघडून लेबल स्वतः वाचा. एकाच तोडणीच्या तीन शीट तीन वनस्पतिसंग्रहांत गेल्या की तीन नोंदी दिसतात. संग्राहकाचं नाव, क्रमांक नि तारीख जुळवली की कळतं. नावाजलेल्या गाईडपेक्षा कपाटं उघडून देणाऱ्या क्युरेटर मॅडम जास्त उपयोगी, हे माझं ठाम मत.

घाबरू नका, ठिपके कमी उरले तरी प्रबंध होतो. माझा होतोय. फक्त दुर्मिळ जातींची ठिकाणं काही वेळा मुद्दाम धूसर ठेवलेली असतात. ती मागावी लागतात. कारण नीट लिहून दोन संग्रहांना मेल केली. एकाने चौथ्या दिवशी ठिकाणं दिली. दुसऱ्याची वाट बघतेय.