यलोनाइफ ते इकालुइट: अंतर किती, विमानाला वेळ किती, नीट कसं काढायचं

कॅनडाच्या उत्तरेत फिरायचा प्लॅन करताय तर अंतराचा हिशोब आधी नीट करा, कारण यलोनाइफहून इकालुइटला (दोन्ही तिथलीच शहरं) जायला रस्त्याचा पर्यायच नाहीये, इकालुइटला बाहेरून एकही रस्ता जात नाही, म्हणजे सगळं गणित विमानावरच.

पहिली गोष्ट, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. यलोनाइफ साधारण 62.5 उत्तर, 114.4 पश्चिम, इकालुइट 63.8 उत्तर, 68.6 पश्चिम, म्हणजे रेखांशात जवळपास 46 अंशांचा फरक. आता मुंबईच्या आसपास एक अंश रेखांश म्हणजे साधारण 105 किमी, त्या सवयीने गुणलं तर 4800 च्या वर जातं आणि माणूस घाबरतो. पण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ जवळ येत जातात, 63 अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश फक्त 50 किमीच्या आसपास उरतो, त्यामुळे खरं सरळ अंतर सुमारे 2260 किमी आहे, निम्म्याहूनही कमी! हे हाताने काढत बसायची गरज नाही, ग्रेट सर्कल मॅपर या अंतर काढणाऱ्या वेबसाइटवर वायझेडएफ (YZF, यलोनाइफ) आणि वायएफबी (YFB, इकालुइट) हे विमानतळांचे दोन कोड टाका, लगेच मिळेल.

आता वेळ. इथे विमान कुठलं आहे ते आधी बघा. बोइंग 737 सारखं जेट ताशी 800 किमीच्या पुढे जातं, थेट उडालं तर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून सव्वातीन तास पुरतील. एटीआर 42 असेल तर (पंख्याचं विमान, उत्तरेत ही भरपूर दिसतात) वेग 550 च्या आतबाहेर, आणि वाटेत रँकिन इनलेट या गावी हॉल्ट असू शकतो. या हॉल्टमुळे अंतर फार वाढत नाही, पहिला टप्पा 1136 किमी (म्हणजे मुंबई-दिल्लीएवढाच), दुसरा 1176, एकूण 50 किमीच जास्त, पण दोनदा उतरणं-चढणं आणि मधला थांबा यात वेळ जातो. प्रत्येक टप्प्याला अडीच तास धरा, थांब्याला एक, म्हणजे सहा तास झाले.

वारा विसरू नका हं. वरच्या हवेत वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो, त्यामुळे जाताना पाठीवर, येताना तोंडावर. ताशी 80 किमीचा वारा धरला तर एटीआरला हवेतला वेळ जाताना पावणेचार तासांच्या आत आणि येताना पाच तासांच्या जवळ, फरक बघा केवढा.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा होतो. इकालुइट यलोनाइफच्या 2 तास पुढे आहे आणि रँकिन इनलेट 1 तास, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. सकाळी 9 ला निघालात आणि सहा तास लागले तर तिथे संध्याकाळचे 5 वाजलेले असणार, म्हणजे तिकीट बघून वाटेल की आठ तास विमानात बसायचंय. येताना उलटं, प्रवास छोटा वाटतो.

आणि इकालुइटहून पुढे ओटावाचं विमान पकडायचं असेल तर त्याच दिवशीचं घेऊ नका. हिमवादळ, धुकं यामुळे उड्डाणं पुढे ढकलली जातात आणि पुढचं विमान लगेच मिळेलच असं नाही, मध्ये एक रात्र ठेवाच.